हळदीचा डाग आणि गेरूची भिंत

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ मुलांना घेऊन अजिंठ्याला जाऊन आला आणि आमच्या भावंडांच्या ग्रुपवर वाद पेटला. त्याचं म्हणणं, एवढ्या लांब जायचं, फर्दापूरला गाडी ठेवून बस पकडायची, आणि लेण्यात शिरून डोळे ताणताणून बघायचं काय, तर अंधार! लावा की चांगले दिवे. पुण्याची चुलतबहीण दुसऱ्या टोकाला: दिवे कसले लावताय, लेणीच बंद करा, लोकांना प्रतिकृती दाखवा, फ्रान्सने आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा १९६३ साली बंद केलीच ना. शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "तू सांग, तुमच्याकडे कसं करतात?"

तुमच्याकडे म्हणजे ॲमस्टरडॅमला. परदेशात राहणाऱ्या माणसाने अशा वेळी "इथे बघा कसं छान जपतात" एवढं म्हणायचं असतं. मला ते म्हणवत नाही, कारण इथे काय काय उडून गेलंय ते मी पाहिलंय.

आई आली होती तेव्हा तिला व्हॅन गॉग म्युझियममध्ये नेलं. आत शिरताच म्हणाली, "वीजबिल वाचवतात का गं हे?" लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, आणि नाजूक रंगांसाठी पन्नास लक्स ही नेहमीची मर्यादा. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतो, त्यावरून पन्नास म्हणजे किती मिणमिणतं ते कळेल. प्रकाशाचा हिशेब उधारीच्या वहीसारखा असतो, रोजचं थोडंथोडं खात्यावर चढत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही.

मग आम्ही चित्रकार व्हॅन गॉगच्या झोपायच्या खोलीच्या चित्रासमोर उभ्या राहिलो. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावात काढलेलं. भिंती फिकट जांभळ्या आहेत असं त्याने स्वतः पत्रात लिहिलंय, आणि समोर दिसतात त्या निळ्या. त्या जांभळ्यातला तांबडा उन्हाउजेडाने उडाला, निळा तेवढा मागे राहिला. त्याच्या सूर्यफुलांच्या चित्राचं दुखणं निराळं. तिथला क्रोम पिवळा म्हणजे शिसं आणि क्रोमियमचं संयुग. उजेडाने त्यातल्या क्रोमियमचं रूप बदलतं आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो. इथली सूर्यफुलं आता प्रवासाला पाठवायची नाहीत, असं म्युझियमने २०१९ मध्ये जाहीर केलं, इतकी ती नाजूक झालीत.

बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. नव्या झगझगीत रंगांचा भरवसा नाही, म्हणून ते भडकच लावावेत, पुढे काळ त्यांना मवाळ करेलच, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलं होतं. जुन्या डच फुलांच्या चित्रांचीही तीच गत. त्यातली काही पानं आज निळी दिसतात, कारण निळ्यावर फिरवलेला वनस्पतीचा पिवळा विटून गेला.

हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे हळदीचा डाग." बरोबर तेच! पांढऱ्या कपड्यावर हळद सांडली की धुऊन उन्हात टाकायची, संध्याकाळपर्यंत डाग गायब. विद्यापीठातल्या व्याख्यानात मला जे समजलं नव्हतं ते या एका वाक्यात समजलं.

आणि म्हणूनच ग्रुपवरचा वाद मला मुळातच चुकलेला वाटतो. अजिंठ्याचे रंग हळदीच्या जातीचे नाहीत. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना-खडी, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड. म्हणजे काजळी सोडली तर सगळी माती नाहीतर दगड. दीड हजार वर्षांनी गेरू गेरूच आहे. व्हॅन गॉगच्या ट्यूबमधले काही रंग शंभर वर्षंही टिकले नाहीत. निव्वळ उजेडापुढे आमचा अजिंठा इथल्या सूर्यफुलांपेक्षा दणकट आहे.

पण रंग दणकट असून भागत नाही. तो बसलाय मातीच्या गिलाव्यावर. त्यात भाताचं तूस, काड्या, आणि वर रंग धरून ठेवणारा डिंक-सरस. एका वेळी लेण्यात कोंबलेल्या माणसांचा श्वास आणि घाम, पावसाळ्यात दगडातून झिरपणारं पाणी, वटवाघळं, किडे, हे त्या गिलाव्याचे वैरी. शिवाय निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला म्हणून लाखेचं व्हार्निश फासलं. हेतू चांगलाच होता. पण ती लाख पिवळी-तपकिरी पडत गेली आणि खालचे रंग मळले. त्या व्हार्निशला आणि सरसाला मात्र उजेड सोसत नाही, म्हणून भावाचे झगझगीत दिवेही नकोतच.

ओस्लोमध्ये चित्रकार मुंकच्या 'किंकाळी' या चित्राचा पिवळा का बिघडतोय ते तपासलं, तेव्हा २०२० मध्ये मुख्य आरोपी ओलावा निघाला, उजेड नव्हे. बहिणीला मी हे मुद्दाम पाठवलं. लास्कोसारखं पूर्ण बंद करायची पाळी अजून आलेली नाही, पण मोजायची असतील तर आधी माणसं मोजा, मग दिवे. दर सुट्टीत गर्दीचा नवा विक्रम झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि पोपडे निघाले की दिव्यांवर खापर फोडायचं, हे बरं नाही.

भावाला एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी सकाळी उघडतानाच जा, आणि पहिल्या लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं काहीच बघू नकोस, डोळे सरावू देत. तो म्हणाला, "दोन मिनिटं? पोरं थांबतायत होय!" मग त्याने फ्लॅशशिवाय काढलेला फोटो टाकला. पुष्कळ हललाय, पण भिंतीवरच्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा कमळ धरलेला हात ओळखू येतो.