सहा व्होल्टचे अडतीस दिवे

वसई पट्ट्यात, पापडी, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, कुठलंही गाव घ्या, विशीतला पोरगा चर्चचा आहे की नाही हे ओळखायला बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागत नाही. डिसेंबरात, नाताळचा गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा उभारायच्या दिवसांत, त्याची नखं बघावीत. नखांत गेरू दिसला, मनगटावर सुतळीचे वळ दिसले आणि अंगाला शिळ्या खळीचा वास आला, की तो आपला. बाकीचे अकरा महिने तो मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दारापाशी, चपलांजवळ उभा राहतो, ते माफ.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी मिस्सा सुटली की तरुणांची बैठक भरते. 'यंदा गोठा वेगळा करायचा' हा ठराव एकमताने होतो. गोठा मात्र दरवर्षी तोच होतो, कारण बांबू तेच असतात. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा एक गव्हाण, थोडा चारा, एक खरा बैल आणि एक खरं गाढव एवढ्यावर त्याचं भागलं. त्याला बैठक घ्यावी लागली नव्हती. आमच्याकडे बैल आणि गाढव प्लास्टरचे असतात आणि बैठकीला बाकीचे येतात.

पहिलं काम पेरणीचं, आणि पहिली चूकही तिथेच. नाचणी पेरायची ८ डिसेंबरला, गहू १४च्या आसपास. गहू रात्रभर भिजवून, एक दिवस ओल्या फडक्यात मोड आणून, इंचभर माती-शेणखताच्या ट्रेमध्ये टाकला की दहा दिवसांत वीतभर हिरवागार उभा राहतो. पण उत्साह भारी! कोणीतरी १ तारखेलाच पेरून मोकळा होतो. मग २४ तारखेला बेथलेहेमच्या कुरणात पिवळं, आडवं झालेलं पीक, जणू मेंढपाळ नव्हे, पंचनाम्याला तलाठी यायचे आहेत. ट्रे सावलीत ठेवले तर रोपं उजेड शोधत लांबलचक आणि फिकट वाढतात. पाणी जास्त झालं तर मुळाशी पांढरी बुरशी धरते. ती बघून 'बर्फ छान झालाय' म्हणणारे असतात.

बर्फ हा आमच्या भांडणाचा कायमचा विषय. बेथलेहेमला बर्फ क्वचित पडतो. वसईत तर पहाटे स्वेटर काढावा लागला तरी दिवसभर त्याचीच चर्चा. तरी दोन किलो कापूस आणायचाच, असा एक गट प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, असतो. दुसरा गट बावखल (गावचं गोड्या पाण्याचं तळं), रहाट आणि केळीच्या बागा मांडतो. शेवटी तडजोड म्हणून रहाटावर बर्फ पडतो.

डोंगर कागदाचा. पूर्वी सिमेंटच्या कागदी गोण्या फुकट मिळायच्या, आता जाड खाकी कागद विकत घ्यायचा. तो चुरगळून, खळीत बुडवून, बांबूच्या सांगाड्यावर ठोकलेल्या कोंबड्यांच्या जाळीवर चिकटवायचा. खळ म्हणजे एक किलो मैद्याला सहा लिटर पाणी. मैदा आधी थंड पाण्यात सरसरीत कालवायचा, मग उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचा आणि हात न थांबवता ढवळायचा. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकणारा एक शूर गडी दरवर्षी निघतो. त्याची खळ होत नाही, गुठळ्यांची आमटी होते. झुरळं येऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणजे त्या पातेल्यात पुन्हा काही शिजवता येत नाही. आणि नेमकं ते पातेलं नाताळच्या इंद्याल या मांसाच्या आंबट-तिखट कालवणासाठी राखून ठेवलेलं निघतं. मावशी त्या पोराला पापनिवेदनाच्या रांगेत गाठतात.

खळीवर मात झाली तरी दव आहेच. समुद्र हाकेच्या अंतरावर, डिसेंबरातली पहाट अशी ओली की पायऱ्यांवरून पाय सरकावा. कागद ते दव पिऊन फुगतो आणि २० तारखेच्या सुमाराला डोंगर हळूच खाली बसतो. उपाय साधा आहे. पहिला थर पूर्ण दिवस उन्हात कडक वाळवायचा, मगच दुसरा द्यायचा. रात्री प्लास्टिक टाकायचं आणि सूर्य वर आला की काढायचं. काढायला विसरलं तर आत वाफ धरते आणि डोंगर बाहेरून कोरडा, आतून ओला राहतो. सकाळी प्लास्टिक काढण्याची पाळी ज्याची, तो नेमका रात्रीच्या कॅरलला उशिरापर्यंत गेलेला असतो. रंगाचंही एक गुपित आहे. आधी काळसर, मग गेरू, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग. नुसता गेरू फासला तर डोंगर न वाटता प्रचंड उकडलेलं रताळं वाटतं.

छपराला पेंढा हवा. आसपासच्या भातखाचरांत आता इमारती उगवतात, त्यामुळे पेंढा वाडा तालुक्याकडून आणावा लागतो. मुठीमुठी बांधून खालून वर लावत जायचं, कौलांसारखं, वरची मूठ खालचीवर चढली पाहिजे. नवशिके वरून सुरुवात करतात. मग ज्या गोठ्यात जगाचा तारणारा जन्मणार, त्याच्या छपरातून सांताक्लॉजची टोपी आरपार दिसते.

आता दिवे. जुन्या माळेत सहा व्होल्टचे अडतीस दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. अडतीस सक दोनशे अठ्ठावीस, म्हणजे घरच्या दोनशे तीस व्होल्टला बरोबर. एक गेला की सगळे जातात. कोण गेला ते मात्र तोंडावर दिसत नाही, प्रत्येकाला काढून दुसऱ्या चालू माळेत बसवून बघावं लागतं, आणि तो नेहमी सदतिसावा किंवा अडतिसावा असतो. इथे प्रत्येक मंडळातला इलेक्ट्रिशियन पुढे येतो आणि गेलेल्या दिव्याच्या दोन्ही तारा पिळून जोडतो. माळ लागते, टाळ्या पडतात. पण आता सदतीस दिव्यांवर अडतिसांचा भार आला. ते जास्त उजळतात, जास्त तापतात आणि आणखी एक जातो. त्याच्याही तारा पिळल्या की छत्तीस. असं करत करत शेवटचे थोडे दिवे विजेरीसारखे भगभगतात आणि एके रात्री सगळे एकदम जातात. आमच्या कोयरचं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचंही असंच होतं. नोकरीच्या नावाखाली एक टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) गळतो, उरलेले त्याच्या वाट्याचंही ओरडतात, आणि २३ तारखेपर्यंत सगळ्यांचे घसे बसतात. आता एलईडीच्या माळा आल्या, त्या तापत नाहीत, त्यामुळे पेंढ्यालाही धोका कमी. कोयरला अजून तसं काही निघालेलं नाही.

धबधब्याच्या पंपाच्या खोक्यावर 'पाच फूट' लिहिलेलं असतं. त्या उंचीवर पाणी चढतं, पण वाहत नाही, नळीच्या तोंडाशी येऊन नुसतं बघत राहतं. चांगली धार हवी तर तीन फुटांवर थांबावं. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधावा, नाहीतर पेंढ्याची काडी आत जाते. टबातलं पाणी रोज वाढवावं. पंप उघडा पडून कोरडा फिरला तर जळतो, आणि जळण्यापूर्वी जो आवाज करतो तो नेमका प्रवचनाच्या वेळी.

पुतळे मांडताना शास्त्रार्थ रंगतो. बैल-गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत, हे सांगणारा एक जाणकार हजर असतोच. मागी, म्हणजे ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच होते असंही मत्तयचं शुभवर्तमान म्हणत नाही, तीन भेटवस्तूंवरून आपण तीन धरले, हेही तोच सांगतो. त्याचं सगळं खरं असतं आणि त्याला मेंढ्या पुसायला बसवतात. मागींना पहिल्या दिवशी दूर कोपऱ्यात ठेवायचं आणि रोज थोडं पुढे सरकवत जानेवारीतल्या प्रकटीकरणाच्या सणाला गोठ्यापाशी पोचवायचं, अशी योजना असते. दोन दिवस सरकतात. मग तिघे कॅस्परच्या उंटाला टेकून नववर्षापर्यंत वाटेतच थांबतात. छोटे पुतळे मागे आणि मोठे पुढे ठेवले तर देखावा खोल दिसतो. उलटं झालं तर डोंगरावरचा मेंढपाळ खाली येऊन गोठा उचलून नेईल असं वाटतं.

गव्हाण मात्र सुरुवातीपासून रिकामी. बाळ येशू सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, खणात, मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत. खणाची किल्ली कोणाकडे हा प्रश्न साडेअकराला निघतो. पण त्याहून मोठी अडचण अशी, की त्या उंचसखल देखाव्यात एकच सपाट, कोरडी आणि झाकलेली जागा असते, ती गव्हाणीची. त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड तीन आठवडे पेंढ्याखाली तिथेच निजलेला असतो. फादर बाळाला घेऊन निघाले, घंटा वाजायला लागल्या, की एक जण चारी पायांवर मागून आत शिरतो आणि बोर्ड बाजूला ओढतो. त्या ओढाओढीत पिन सुटते आणि गोठा काळोखात जातो. लोकांना वाटतं, मुद्दाम केलंय. वयस्कर बायका डोळे टिपतात. तो बापडा अंधारात पिन चाचपतो, दिवे लागतात, आणि फादर नंतर पाठ थोपटून म्हणतात, "यंदा ते दिव्यांचं फार सुंदर जमवलंत हं."

जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की मोडायचं. तीन आठवड्यांचं काम पाऊण तासात उतरतं, कारण तेव्हा फक्त चारच जण येतात. गव्हाची रोपं शेजारच्या बकऱ्यांना, बांबू चर्चच्या मागे, पुतळे वर्तमानपत्रात. सगळ्यात वर एक काडेपेटी ठेवतात. तिच्यात गाढवाचा डावा कान, आणि वर बॉलपेनने लिहिलेलं: 'पांढरा डिंक लावू नये, दव लागून सुटतो. दोन नळ्या कालवून करतात तो लावावा.' खाली वेगळ्या अक्षरात: 'लावला होता. तरी सुटला.'