‘दुखापत हा बहाणा’? मग जरा तारखा बघा

मार्चमधली राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा जवळ आली की अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात असा: “यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) मुली 2016 नंतर थेट 2025 ला जिंकल्या. मधल्या वर्षांना दुखापतींचं नाव देणं हा बहाणा. मोठ्या संघाच्या बाकावर एकीच्या जागी दुसरी तयारच असते. नोटर डेम विद्यापीठाने 2018 मध्ये चार जणी दुखापतीने गमावूनही विजेतेपद नेलंच की! आणि मुलींचे गुडघे नाजूकच, त्याला कोण काय करणार?”

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तो आधीच मान्य करून टाकतो. 2017 च्या उपांत्य सामन्यात मिसिसिपी स्टेटने यूकॉनला जादा वेळेत 66-64 असं हरवून सलग 111 विजयांची मालिका तोडली, तेव्हा कोणाचा गुडघा आडवा आला नव्हता. 2018 आणि 2019 ला नोटर डेमने, 2021 ला ॲरिझोनाने त्यांना हरवलं तेही सरळ खेळून. 2020 ला कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. यूकॉनचे चाहते ही सगळी वर्षं अस्थिरोग विभागाच्या खात्यावर टाकतात तेव्हा माझंही डोकं फिरतं.

पण 2022 पासूनचं गणित वेगळं आहे, आणि ‘एकीच्या जागी दुसरी’ हा मुद्दा तिथेच कोसळतो. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून यूकॉन 91-87 असं जिंकलं खरं, पण त्या सामन्यात त्यांच्या डोर्का युहासचं मनगट मोडलं. युहास सहा फूट पाच इंच उंच. सहा दिवसांनी अंतिम सामन्यात समोर साउथ कॅरोलिना आणि त्यांची उंच खेळाडू अलिया बॉस्टन. रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू पकडणं, किती? साउथ कॅरोलिना 49, यूकॉन 24. नेम चुकला की चेंडू पुन्हा त्यांच्याच हातात. निकाल 64-49. युहास असती तर यूकॉन जिंकलंच असतं, असं मी म्हणत नाही. साउथ कॅरोलिना सरसच होती. पण बाकावरून उंची कुठून आणणार?

पुढचा हंगाम तर बघवत नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये यूकॉनची मुख्य खेळाडू पेज बेकर्सचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट, फाटला आणि वर्ष गेलं. तिची जोडीदार अझी फड गुडघ्यामुळे सारखी आत-बाहेर. 8 जानेवारी 2023 ला डीपॉलविरुद्धचा सामना चक्क पुढे ढकलावा लागला, कारण यूकॉन ज्या गटात खेळतं त्या बिग ईस्टच्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीवरच्या किमान सात जणी लागतात आणि यूकॉनकडे तेवढ्या धड उभ्या नव्हत्या. सरावाला मुलगे उभे करता येतात, महिला संघांची ती जुनीच पद्धत आहे. पण सामन्यात ज्या पाच जणी एकत्र उतरणार, त्यांचा मेळ आपापसात खेळूनच बसतो. मार्चमध्ये ओहायो स्टेटने पूर्ण कोर्टभर दाब टाकला आणि यूकॉनने 25 वेळा चेंडू गमावला. अशा दाबातून चेंडू शांतपणे पुढे नेणारी बेकर्स साध्या कपड्यांत बाकावर बसलेली होती. 73-61 ने हार, सलग 14 वेळा अंतिम चारात जाण्याची परंपरा तिथे संपली. 2024 ला बेकर्स परतली तर फड दोनच सामने खेळून बाहेर; तरी आयोवाकडून हरले ते 71-69.  

आता नोटर डेम. हे उदाहरण मलाही आवडतं, म्हणूनच ते अर्धवट सांगितलेलं खटकतं. त्या चारही जणी जानेवारी उजाडण्याआधीच बाहेर गेल्या होत्या. उरलेल्यांनी त्याची किंमतही मोजली: जानेवारीत लुईव्हिलकडून 100-67 असा मार खाल्ला. पण तोच मोजका संघ पुढे तीन महिने एकत्र खेळत राहिला, आणि 1 एप्रिलला अरिके ओगुनबोवालेने अखेरच्या क्षणी तो तीन गुणांचा फटका घातला, 61-58.

त्याच्या शेजारी 1998 चं स्टॅनफर्ड ठेवा. व्हनेसा नायगार्ड आणि क्रिस्टिन फोल्कल या दोघींचे एसीएल स्पर्धेच्या तोंडावर, आठवड्याच्या आत फाटले. पहिल्या मानांकनाचा हा संघ पहिल्याच फेरीत सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकनाच्या हार्वर्डकडून घरच्या कोर्टवर 71-67 असा हरला. नोटर डेमच्या चार गेल्या, यांच्या दोनच. पण मोडलेली घडी पुन्हा बसवायला एकांना तीन महिने मिळाले, दुसऱ्यांना काही दिवस.

गुडघ्यांबद्दल दोनच वाक्यं. एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे हे खरं, पण उडी मारून जमिनीवर कसं टेकायचं आणि दिशा कशी बदलायची याचे ठरावीक व्यायाम सरावाआधी नेमाने केले तर ते बऱ्यापैकी घटतं. आणि ‘नाजूक’ गुडघेवाली फड 2025 च्या अंतिम चारात सर्वोत्तम खेळाडू ठरली.

शेवटचं यूकॉनच्या चाहत्यांसाठी, कारण बहाणा शोधताना तेही सोयीचंच बघतात. डिसेंबर 2024 मध्ये यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) यूकॉनला 72-70 ने हरवलं, त्यात यूएससीच्या जूजू वॉटकिन्सचे 25 गुण. 24 मार्च 2025 ला वॉटकिन्सचा गुडघा गेला. 31 मार्चला तेच दोन संघ पुन्हा भिडले आणि यूकॉन 78-64 ने जिंकलं. हा विजय मोजताना वॉटकिन्सची दुखापतही मोजायला हवी.