टेपच्या ‘सोवळ्या’बद्दल

महोदय,

संगणकातला डेटा साठवायच्या नव्या चुंबकीय टेपा वापरात आणण्यापूर्वीच्या तयारीवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया अशी आहे: “चोवीस तास पेटी नुसती ठेवायची, मग एकेका टेपपुढे तासभर ताटकळायचे, हे जुन्या लोकांचे सोवळे आहे. कॅलिब्रेशन सगळ्या टेपांना लागतही नाही. आणि क्लाउड असताना टेप हवीच कशाला?”

कॅलिब्रेशन, म्हणजे ड्राइव्हने (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राने) नव्या टेपची पहिल्यांदा करायची मोजणी, सगळ्या टेपांना लागत नाही, हे खरे आहे. ती एलटीओ-९ ची, म्हणजे एलटीओ या टेपप्रकाराच्या नवव्या पिढीची गोष्ट. एलटीओ-८ ला ते नाही. माझ्या वाक्यात हा भेद राहून गेला होता, तो दुरुस्त केला आहे. क्लाउड हा त्या लेखाचा विषय नव्हता.

‘सोवळे’ हा शब्द मात्र मला सोडून देता येत नाही. सोवळ्याला कारण विचारायचे नसते. मी तर कारणच लिहिले होते, आणि ते आपण वाचलेले दिसत नाही. टेपचा पाया प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा असतो, आणि ती उष्णतेने व दमटपणाने किंचित का होईना, पण फुगते आणि आक्रसते. १२.६५ मिलिमीटर रुंदीत एलटीओ-९ चे ८,९६० ट्रॅक (डेटा लिहिण्याच्या समांतर रेषा) बसवायचे असल्यामुळे तो किंचितपणाही महागात पडतो. म्हणून पहिल्यांदा आत गेलेल्या टेपची ड्राइव्ह स्वतः मोजणी करून घेतो, ज्याला सरासरी ४० मिनिटे आणि कधी २ तासही लागतात. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून आलेली पेटी २२ अंशांच्या सर्व्हर खोलीत लगेच फोडली, तर ही मोजणी कोणत्या टेपची होणार? घट्ट गुंडाळलेल्या १,०३५ मीटर टेपचे बाहेरचे वेढे आधी निवतात, आतले मागाहून. म्हणून ते चोवीस तास. (आपल्याकडे काही ठिकाणी त्या खोलीत पाण्याचा कूलरही लावलेला मी पाहिला आहे, त्याबद्दल न बोललेलेच बरे.)

राहिले ‘जुने लोक’. मी २००४ पासून, एलटीओ-२ च्या काळापासून, या टेपा हाताळतो आहे. इथल्याच एका कार्यालयात आपल्यासारख्याच एका उत्साही सहकाऱ्याने ‘पूर्ण कोऱ्या असाव्यात’ म्हणून नव्या टेपा डीगॉसरमधून, म्हणजे चुंबकाने सगळे पुसणाऱ्या यंत्रातून काढल्या. ड्राइव्हला टेपवर जागा दाखवणारे, कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅकही त्याबरोबर पुसले गेले, ते ड्राइव्हला पुन्हा लिहिता येत नाहीत, आणि सगळ्या टेपा भंगारात गेल्या. त्यालाही माझे सांगणे सोवळेच वाटले होते. आपल्या टेपा आपण आपल्या पैशाने घेत असाल, तर खुशाल हवे ते करावे.

ताटकळण्याचे म्हणाल, तर बारकोड चिकटवून टेपा संध्याकाळी लायब्ररीत (टेपा आपोआप ड्राइव्हमध्ये घालणाऱ्या कपाटात) लावाव्यात आणि घरी जावे. कोणी जागत बसायला सांगितलेले नाही. फक्त मोजणी मध्येच तोडू नये. बराच वेळ काही हलत नाही असे पाहून ‘हँग झाला’ म्हणत ड्राइव्ह बंद करणारे मी पाहिले आहेत. आपण तसे केले होते का, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठे दिसले नाही.