तोंडी आदेश आणि लेखी हरकत

इंग्लंडात लीड्सला बसून मी रोज सकाळी मराठी वर्तमानपत्रे चाळतो, आणि एखाद्या खमक्या अधिकाऱ्याच्या बदलीची बातमी आली की पुढचे दोन दिवस काय वाचायला मिळणार, हे मला आता पाठ झाले आहे. प्रामाणिकपणाची शिक्षा मिळाली, असे एक बाजू म्हणते. साहेब कोणाचे ऐकतच नव्हते, असे दुसरी. तुकाराम मुंढे यांच्या वीसहून अधिक बदल्या मोजण्यात आपण जेवढे रमलो, तेवढे त्यांची कारणे कोणत्या कागदावर लिहिली होती हे विचारण्यात रमलो नाही.

वास्तविक कायदा आहे. बदल्यांविषयीच्या महाराष्ट्राच्या २००५च्या अधिनियमाने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आणि मुदतपूर्व बदलीसाठी विशेष कारणे लेखी नोंदवण्याची अट घातली. पण ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द लिहून ती अट अनेकदा उरकली जाते आणि मग प्रकरण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाते. तोंडी आदेशांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी बजावले, तरी ‘वरून फोन होता’ हे वाक्य कचेऱ्यांतून गेलेले नाही. (वडिलांच्या पश्चात वारसनोंदीच्या फेरफारासाठी गावी गेलो, तेव्हा नकार मलाही तोंडीच मिळाला; कारण लिहून मागताच कारकुनाने असे पाहिले, जणू मी त्याच्या घरातला तांब्या मागितला.)

ब्रिटनमध्ये खात्याचा कायम सचिव खर्चासाठी स्वतः संसदेला उत्तरदायी असतो. खर्च पटत नसेल, तर तो मंत्र्याकडे लेखी निर्देश मागतो, निर्देश मिळताच काम पुढे नेतो, आणि तो पत्रव्यवहार सहसा प्रसिद्ध होतो. आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याच्या योजनेमुळे पैशांचे चीज होईल इतका पुरावा नाही, असे गृहखात्याचे सचिव मॅथ्यू रायक्रॉफ्ट यांनी एप्रिल २०२२मध्ये लिहून कळवले. मंत्री प्रीती पटेल यांनी तरीही पुढे जाण्याचा निर्देश दिला. दोन्ही पत्रे आजही कोणालाही वाचता येतात. रायक्रॉफ्ट ना वीर ठरले, ना त्यांना हलवले गेले. पुढची जवळजवळ तीन वर्षे ते त्याच पदावर होते. मला व्यावसायिकता दिसते ती इथे, आणि तिला धाडसापेक्षा व्यवस्थेचा आधार अधिक लागतो.

इथेही सगळे आलबेल नाही. सप्टेंबर २०२२मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि काही दिवसांतच अर्थखात्याचे सचिव टॉम स्कॉलर यांना जावे लागले. पण लपवाछपवी न झाल्याने त्यावर उघड टीका तरी करता आली.

आपल्याकडे मुदतपूर्व बदलीचा आदेश निघेल त्याच दिवशी तिचे कारण आणि शिफारस करणाऱ्याचे नाव संकेतस्थळावर यावे, एवढेच मी मागेन. कारणासाठी तर नवा कायदाही लागणार नाही. तो अधिनियम २००६मध्ये लागू झाल्यापासून ते फाइलीत असायलाच हवे.