किराणा घेताना भागाकार करा
‘पौष्टिक खाणं परवडत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. ‘पौष्टिक’ असं छापलेली पाकिटं परवडत नाहीत, हे मात्र खरं.

सरळ हिशोब करा. एक किलो सुक्या हरभऱ्यात साधारण 200 ग्रॅम प्रथिनं असतात, डझनभर अंड्यांत 72, लिटरभर दुधात 32. तुमच्याकडच्या किमतीला या आकड्यांनी भागा, म्हणजे एक ग्रॅम प्रथिन कितीला पडतं ते कळेल, आणि मग तोच भागाकार ‘हाय प्रोटीन’ बिस्किटांना लावून बघा. 60 किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. 250 ग्रॅम गहू, 100 ग्रॅम कडधान्य आणि पेलाभर दूध यांत ती येतात. पावडरीचा डबा कशाला? (पूर्ण शाकाहारी असाल आणि दूधही घेत नसाल, तर बी-12 ची वेगळी सोय करावीच लागते. ते कडधान्यातून मिळत नाही.)

कडधान्यावर लोकांचा राग असतो तो शिजत नाहीत म्हणून. त्यात बरेचदा चूक आपलीच असते. रात्री भिजवताना लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घाला. सालीतलं पेक्टिन (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) कॅल्शियमने घट्ट धरलेलं असतं, सोडियममुळे ती पकड सैल होते. सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. दाणा बोटांत सहज चिरडला जाईपर्यंत टोमॅटो, चिंच, लिंबू घालायचं नाही, आंबटपणाने साल परत घट्ट होते. सोडा घातला की लवकर शिजतं खरं, पण बी-1 जीवनसत्त्व जातं आणि चिमूट जास्त झाली तर लगदा होतो. एवढं करूनही दाणे टणकच राहिले, तर बहुधा माल जुना आहे. वर्षभराचा साठा स्वस्तात घेतला की हेच होतं, वर गॅस जळतो तो वेगळाच.

राजम्याबाबत मात्र हयगय नको. किमान पाच तास भिजवून, पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळ उकळायलाच हवा. नुसत्या मंद आचेवर ठेवला तर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नष्ट होत नाही, आणि पुढे उलट्या.

कडधान्य एकदाच जास्त शिजवून वाटीवाटीने फ्रीजरमध्ये टाका. भात उरला तर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम करून जात नाही.

पैसा खरा सडतो तो भाजीत. पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली की दोन दिवसांत काळी पडते. न धुता, कोरड्या कापडात गुंडाळा आणि आठवड्यात सगळ्यात आधी तीच संपवा. कोबी आणि गाजर शेवटच्या दिवसांसाठी. अख्खा कोबी फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकतो. अर्धा चिरून ठेवलेला नाही.