मेगा मॅनचा बाप एकटा इनाफुने?

मेगा मॅन या कॅपकॉम कंपनीच्या व्हिडिओ गेम मालिकेबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. गोषवारा असा: मेगा मॅन केजी इनाफुने या एकट्या माणसाने घडवला, कॅपकॉमने पहिल्या सहा भागांत एकच गेम सहा वेळा विकला आणि इनाफुने बाहेर पडताच मालिका संपली. तिन्ही वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच ती खपतात.

आधी बापाचं बघू. पहिला भाग १७ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम यंत्रावर ‘रॉकमॅन’ या नावाने आला. दिग्दर्शक होते अकिरा कितामुरा. पिक्सेल जुळवून नायकाची मूळ आकृतीही त्यांनीच बसवली. तो निळा का? फॅमिकॉमच्या मोजक्या रंगांत निळ्याच्या छटा जास्त मिळत, म्हणून. इनाफुने तेव्हा कंपनीत नवखे होते. कितामुरांच्या आकृतीवरून त्यांनी नायकाचं चित्र रेखाटलं. आपण आलो तेव्हा नायक तयारच होता, हे इनाफुनेंनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. त्यांच्या चाहत्यांना मात्र ते ऐकायचं नसतं.

गैरसमज रुजायला कारणंही होती. त्या काळी गेमच्या शेवटी खरी नावं झळकत नसत, टोपणनावं असत. इनाफुने तिथे ‘इनाफकिंग’ होते. कितामुरा दुसऱ्या भागानंतर कॅपकॉम सोडून गेले. इनाफुने राहिले, पुढे निर्माते झाले, मुलाखती देत राहिले. जो समोर दिसतो त्याच्या नावावर सगळं जमा होतं. त्यांचं श्रेय कमी नाही, ‘एक्स’ या मेगा मॅनच्या उपमालिकेतलं लाल झीरो हे पात्र त्यांचंच. पण बॉसला (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला) हरवून त्याचं शस्त्र घ्यायचं आणि ते दुसऱ्या बॉसवर चालवायचं, हा सगळा डोलारा कितामुरांच्या दिग्दर्शनाखाली उभा राहिला. आणि पहिल्या भागाच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांचं तर त्या मजकुरात नावही नाही.

‘एकच गेम सहा वेळा’ असं म्हणणाऱ्याने बहुधा फक्त चित्रं पाहिली असावीत. दुसऱ्या भागात (१९८८) बॉस सहाचे आठ झाले, अर्धवट खेळ पुढे चालू करण्यासाठी पासवर्ड आला, जीव भरून काढणारे ऊर्जेचे डबे आले. तिसऱ्यात (१९९०) जमिनीवरून घसरत जाण्याची चाल आली आणि बुटक्या बोगद्यांतूनही वाट निघाली. चौथ्यातला (१९९१) चार्ज शॉट, म्हणजे बटण दाबून धरून सोडलेली जोरदार गोळी, मला नेहमी खटकतो. दुसऱ्या भागातलं मेटल ब्लेड हे बॉसचं शस्त्र आठही दिशांना फेकता यायचं, त्यामुळे साधी बंदूक विसरायला व्हायची. चार्ज शॉटने उलटं केलं: बंदूकच इतकी भारी झाली की बॉसची शस्त्रं खिशातच राहू लागली. बदल चांगला की वाईट यावर भांडा, पण बदल होता. पाचवा आणि सहावा भाग थकलेले आहेत, हे मात्र मान्य.

आता ‘मालिका संपली’. इनाफुने २०१० च्या अखेरीस गेले, २०११ मध्ये ‘लेजंड्स’ या उपमालिकेचा तिसरा भाग रद्द झाला, आणि दहाव्या भागानंतर (२०१०) अकरावा यायला २०१८ उजाडलं. आठ वर्षं! चाहते चिडले ते योग्यच. पण आठवा भाग १९९६ चा आणि नववा २००८ चा. हा जवळपास बारा वर्षांचा खंड पडला तेव्हा इनाफुने कॅपकॉममध्येच होते. त्या काळाला कुणी ‘संपली’ म्हणत नाही, कारण मधे ‘एक्स’चे नवे भाग, ‘बॅटल नेटवर्क’ आणि ‘झीरो’ या उपमालिका येत होत्या. म्हणजे तेव्हा मालिका जिवंत होती ती शाखांमुळे, क्रमांकाच्या गेममुळे नव्हे. २०१० नंतर आटल्या त्या या शाखा, खरी तक्रार त्याची करायला हवी. आणि ज्याला शेवट म्हणतात त्यानंतरच्या अकराव्या भागाच्या १५ लाखांहून जास्त प्रती खपल्या, म्हणजे कॅपकॉमच्याच विक्रीच्या यादीत तो गाजलेल्या दुसऱ्या भागाच्या पुढे आहे.