पदवी कुठली ते नंतर, नोंदणी कुठे ते आधी

पुण्याच्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पावरून झाडं, पूररेषा आणि काँक्रीट यांचा जो वाद चालू आहे, तो इथे मेलबर्नमधली मराठी मंडळीही वाचतात. त्यामागोमाग फोनवर पालकांचा प्रश्न येतो: पर्यावरण आणि डिझाइन एकत्र शिकवणारी पदवी बारावीनंतर लगेच परदेशात करावी का? एक गट म्हणतो, आपल्याकडे असं कोणी शिकवतच नाही. दुसरा विचारतो, करून नोकरी काय लागणार? दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे पदवीनंतर नाव कोणत्या नोंदवहीत चढणार.

भारतात बी.आर्क. पाच वर्षांचं. नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यायचा आणि शेवटी १९७२च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करायची. (बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. अकरावीत गणित सोडणाऱ्यांना हे बहुधा उशिरा कळतं.) मेलबर्न विद्यापीठाची बॅचलर ऑफ डिझाइन तीन वर्षांची आहे. त्यात आर्किटेक्चर, लँडस्केप (मोकळ्या, हिरव्या जागांची रचना), नगररचना असे मुख्य विषय निवडता येतात, पण एवढ्यावर कोणी आर्किटेक्ट होत नाही. पुढे दोन वर्षांचं मास्टर्स, मग ३,३०० तासांचा नोंदवलेला कामाचा अनुभव आणि परीक्षा. खर्चाचा हिशेब तीन वर्षांचा मांडून मुलाला पाठवलं, तर तो ऐन मोक्याच्या जागी अडकतो. हिशेब पाचाचाच मांडायला हवा.

लँडस्केपची गोष्ट वेगळी. भारताच्या त्याच १९७२च्या कायद्यात कलम ३७ ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला स्पष्ट सूट देतं. म्हणजे तिथे कौन्सिलची अट आड येत नाही, पण कौन्सिलचं संरक्षणही मिळत नाही. ऑस्ट्रेलियातही ही उपाधी कायद्याने राखीव नाही. त्यामुळे या शाखेत परदेशी पदवी घेऊन परतणं कागदोपत्री सोपं आहे. मातीत मात्र ते अवघड जातं.

मेलबर्नला वर्षाला साधारण ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला ७००च्या आसपास. आकडे जवळजवळ सारखे, पण मेलबर्नचा पाऊस बारा महिन्यांत विखुरलेला असतो आणि पुण्याचा बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. इथे शिकवली जाणारी पर्जन्यबाग, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी गाळून जिरवणारा वाफा, पहा: अर्धा मीटरभर वाळूमिश्रित माती, तिच्यातून तासाला १०० ते ३०० मिलिमीटर पाणी झिरपावं हा निकष, वर स्थानिक गवतं. तीच रचना उचलून पुण्यात नेली तर आठ कोरड्या महिन्यांत झाडं जळतात आणि पहिल्याच मोठ्या सरीत गाळ नि प्लास्टिक येऊन थर बुजतो. खर्च वाचवायला कुणी त्यात काळी माती भरली तर आणखीच वाईट. ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. नदीकाठी उंबर, करंज, वाळुंज कुठे टिकतात, हे मेलबर्नच्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, कोण सांगणार?

तरीही या पदव्यांचं एक बळ मान्य करायलाच हवं: चित्र आणि गणित एकाच टेबलावर असतं. एक हेक्टर डांबरी आवार, तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस, वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा वाटा) ०.९ धरला तर सेकंदाला १५० लिटर पाणी गटाराकडे जातं. त्याच जागी झाडी आणि हिरवळ करून गुणांक ०.३ वर आणला तर ५० लिटर. हा हिशेब करून त्याच कागदावर छेद (जागा उभी कापल्यासारखं चित्र) काढता येणारी माणसं नदीकाठच्या वादात हवी आहेत. पूररेषा दोन: निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. भिंत, पायवाट आणि झाडाचा बुंधा या दोन रेषांच्या आत की बाहेर येतो, हे एका छेदात दाखवलं की निम्मं भांडण मुद्द्यावर येतं.

म्हणून माझं मत असं की महाराष्ट्रात काम करायचं असेल तर पहिली पदवी तिथेच करावी, बी.आर्क. किंवा चार वर्षांचं बी.प्लॅनिंग, आणि परदेश मास्टर्ससाठी राखून ठेवावा. परदेशातच राहायचं पक्कं असेल तर उलट. मग पहिल्या वर्षापासून इथलंच शिकणं बरं.

ज्यांचं ठरलंच आहे त्यांनी विद्यापीठाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो, तेव्हा जुलैच्या प्रवेशात हाच मुख्य विषय सुरू होतो का? मास्टर्सला जागा हमखास आहे की किमान गुण लागतात? आणि पदवीला व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का, तीही नेमकी कोणत्या टप्प्याची? व्हिसासाठी मे २०२४पासून वर्षाच्या राहण्याखाण्यापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. फी आणि प्रवास वेगळे. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, पण स्टुडिओच्या सादरीकरणाच्या आठवड्यात त्यातले फार तास हाती लागत नाहीत. तेव्हा त्या कमाईवर भाड्याचं गणित बसवू नये.